उचल, खाडा, बाकी: आईबाप ऊसतोडीला जात असतील तर हिशोबाची वही कशी ठेवायची

ज्यांचे आईबाप यंदा कोयता घेऊन जाणार आहेत आणि ज्यांना निदान मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर वापरता येतो, त्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. मग तुम्ही बीडचे असा, पाथर्डीचे असा, जतचे असा नाहीतर चाळीसगावकडचे, गणित सगळीकडं तेच आहे. माझ्या आईवडिलांनी अठरा हंगाम केले आणि पहिले बारा हंगाम आमच्या घरात एक कागद नव्हता, जे काय होतं ते मुकादमाच्या (मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्याच्या) डायरीत. दरवर्षी चैत्रात वडील परत आले की म्हणायचे, यंदा पण थोडी बाकी राह्यली, म्हणजे मुकादमाचं देणं पूर्ण फिटलं नाही. किती राह्यली, कशी राह्यली, ते कुणालाच सांगता यायचं नाही. मी अकरावीला असताना वही घातली आणि तेव्हापासून निदान एवढं तरी कळायला लागलं की पैसा नक्की कुठं जातोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मग वही आपोआप समजेल. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) कोयत्यावर मिळते, टनेज (तोडलेल्या उसाचं वजन) कोयत्यावर लागतं, खाडा (काम बुडालेल्या दिवसाचा दंड) कोयत्यावर बसतो, पण सही किंवा अंगठा होतो तो फक्त बापाचा. म्हणजे काम दोघांचं आणि कागदावर एकच. आईचं नाव अठरा वर्षांत एकदाही कुठं लिहिलं गेलं नाही, ना कारखान्याच्या रजिस्टरला ना मुकादमाच्या डायरीला. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात आधी दोघांची पूर्ण नावं लिहा, आधार कार्डावर आहेत तशीच.

उचल घ्यायच्या आधी

उचल साधारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिली जाते, जेव्हा घरात पेरणी असते, कुणाचं लग्न असतं, दवाखाना असतो, आणि हातात काहीच नसतं. तेव्हा माणूस कशावर पण सही करतो. आमच्या वडिलांनी एका वर्षी कोऱ्या बॉण्डवर सही करून दिली होती आणि सोबत एक कोरा चेक, आणि तो चेक पुढं तीन वर्षं आमच्या डोक्यावर टांगलेला होता. तर कोरा चेक नाही, कोरा बॉण्ड नाही. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली पाहिजे, तारीख पाहिजे, आणि सही करायच्या आधी त्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पाहिजे. मुकादम म्हणंल आपल्यात असं कागद कधी असतं का, विश्वास नाही का. तर शांतपणे सांगायचं, मामा विश्वास आहे, पण पोरगी शिकतीय, तिला लिहायची सवय आहे. भांडायचं नाही. भांडून पुढच्या वर्षीची टोळी बंद होते हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे.

शक्य असेल तर रोख घेऊ नका, खात्यावर घ्या, आणि निम्मी रक्कम आईच्या खात्यावर मागा. पहिल्यांदा मी हे बोलले तेव्हा घरातच दोन दिवस अबोला होता, वडिलांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतेय. नंतर त्यांनीच मानलं, कारण उचल कुठं खर्च झाली हे त्यांना पण आठवायचं नाही. आणि उचलीसाठी जी बाई सहा महिने राबणार आहे तिला उचल किती घेतली हे फडावर (तोडीच्या उसाच्या शेतात) गेल्यावर कळतं, हे मला तरी सहन होत नव्हतं.

आता गणित. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात जो करार झाला त्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास आला. गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर (ऊस भरायच्या आणि न्यायच्या पद्धतीवरून पडलेले प्रकार) यांचे दर आणि वाहतूक वेगवेगळी लागते, तुम्हाला कुठला लागू आहे ते निघायच्या आधी विचारून वहीत लिहा. उदाहरणाला मी ३६६ धरते. समजा उचल ८०,००० आहे. ८०,००० भागिले ३६६, म्हणजे २१९ टन. एक कोयता दिवसाला सरासरी २ टन तोडतो असं धरा (चांगला उभा ऊस असला तर जास्त निघतो, पडलेला, गवतानं भरलेला असला तर दीड पण होत नाही), म्हणजे नुसती उचल फिटायला ११० दिवस. इथंपर्यंत सगळ्यांना बरोबर वाटतं, पाच महिन्यांचा हंगाम आहे म्हणजे फिटून वर काहीतरी राहील.

पण आठवड्याची खर्ची (खाण्यापिण्याला मुकादमाकडून घेतलेले पैसे, ते पण फेडायचेच) धरा. हजार रुपये धरले तरी १६ आठवड्यांचे १६,०००. दहा दिवसांचा खाडा धरा, दिवसाला ५०० ने ५,०००. आता फेडायचे झाले १,०१,०००, म्हणजे २७६ टन, म्हणजे १३८ दिवस. आणि हंगाम? १२० दिवस चालला तर तुमचे होतात २४० टन, ८७,८४० रुपये. बाकी १३,१६०. आजकाल ऊस कमी असला, गाळप लवकर बंद झालं की हंगाम १०० दिवसांतच आटपतो, तेव्हा २०० टनाचे ७३,२०० होतात, म्हणजे नुसती उचलसुद्धा फिटत नाही. बाकी कुणी आळशीपणा केला म्हणून राहत नाही, ती निघतानाच ठरलेली असते. हे गणित आईवडिलांना उचल घ्यायच्या आधी करून दाखवा, कागदावर, त्यांच्यासमोर बसून. माझ्या वडिलांनी त्या वर्षी उचल वीस हजारांनी कमी घेतली. सगळ्यांना ते जमणार नाही, ज्याच्या घरी दवाखाना आहे त्याला कोण सांगणार कमी घे म्हणून.

वहीत काय काय लिहायचं

दोनशे पानी वही घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) पाणी शिरतं. आईवडिलांना लिहिता येत नसेल तर रोज रात्री फोनवर विचारून तुम्ही घरी लिहा, आम्ही तसंच केलं. रेंज नसली तर वडील दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेल्यावर व्हॉइस मेसेज टाकायचे. रोजच्या ओळीत तारीख, कुठल्या गावात कुणाच्या फडात, गाडीचा नंबर, गाडीचं वजन, त्या दिवशी टोळीत हजर किती कोयते होते, आपल्या वाट्याला किती टन, खर्ची घेतली का, खाडा झाला का आणि का झाला.

हजर कोयत्यांचा आकडा बहुतेक लोक लिहितच नाहीत आणि खरी गळती तिथंच असते. ट्रक किंवा ट्रॅक्टर भरून काट्यावर जातो, वजन येतं पूर्ण गाडीचं, आणि ते कोयत्यांत वाटलं जातं. गाडी १८ टनाची आणि कोयते ९, तर प्रत्येकी २ टन. आता डायरीत १० कोयते दाखवले, एक नुसता कागदावरचा, तर प्रत्येकाला १.८ टन. फरक बारीक दिसतो पण ०.२ टन म्हणजे रोज ७३ रुपये, १०० दिवसांत ७,३०० च्या वर. आमच्या टोळीत एका हंगामात हे झालं होतं. कळलं कसं, तर दोन घरच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा. म्हणून टोळीतल्या निदान तीन घरांनी वही ठेवावी, एकट्याची वही एकट्याचं भांडण होऊन बसते.

काट्याची पावती चिटबॉय (कारखान्याचा फडावरचा माणूस) किंवा ड्रायव्हरकडे असते. ती हातात मिळाली नाही तरी फोटो काढता येतो, पाच सेकंदाचं काम आहे, टोळीतल्या एका पोराला हेच काम द्या आणि फोटो ग्रुपवर टाकायला सांगा. कारखान्याचा हिशोब पंधरवड्याचा असतो, तर तुम्ही पण दर पंधरा दिवसांनी बेरीज मारा आणि मुकादमाच्या आकड्याशी लावून बघा. चैत्रात एकदम लावायला गेलात तर कुणालाच काही आठवत नाही आणि ज्याच्या हातात डायरी तो खरा.

मुकादमाचं कमिशन वेगळं असतं, त्याच २०२४ च्या करारात ते १९ वरून २० टक्के झालं. ते कारखान्याकडून द्यायचं असतं, आपल्या टनेजच्या पैशातून कापायचं नसतं. कापलं तर वहीत तसं लिहा, "कमिशन म्हणून कापले" आणि रक्कम. वाढ्याचे पैसे (वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा, विकून जे रोजचे शंभर दोनशे येतात) ते पण लिहा, ते बहुतेक आईच्या हातात येतात आणि कोपीतला सगळा भाजीपाला त्यावर चालतो, पण हिशोबात ते कधी दिसत नाहीत म्हणून वाटतं की घर खर्चीवर चाललंय.

खाडा. कोयत्यातलं एक जरी आजारी पडलं तरी पूर्ण कोयत्याचा खाडा धरतात, म्हणजे आईला ताप आला तर वडिलांची पण मजुरी गेली आणि वर दंड. ५०० कुठं, १,००० कुठं. कारण लिहून ठेवा, आजार, बाळंतपण, पाऊस, गाडी आली नाही, काटा बंद होता. शेवटची तीन कारणं आपली नाहीतच, तरी त्याचा खाडा लावलेला मी स्वतः डायरीत पाहिलाय, आणि वहीत तारखेनिशी "काटा बंद" असं लिहिलेलं होतं म्हणून चार दिवसांचा खाडा कमी करून घेता आला. आम्हाला वहीचा रोख फायदा पहिल्यांदा झाला तो हा.

आईचा वेगळा रकाना

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. वहीत एक रकाना आईच्या तासांचा ठेवा. माझी आई पहाटे तीनला उठायची, भाकरी थापायची, पाणी आणायची, पाचला फडात, वडील तोडणार आणि ती पाला काढून मोळी बांधणार, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणार, संध्याकाळी परत येऊन चूल, धुणं, लहान भाऊ, आणि रात्री बारा वाजता गाडी आली तर परत भरायला जायचं. दोन टनाचे ७३२ रुपये दोघांत निम्मे धरले तर ३६६ एकाचे. वडिलांचे बारा तास, तासाला साडेतीस रुपये. आईचे सोळा, तासाला तेवीस. आणि हे पण आपण कागदावर निम्मे धरले म्हणून, नाहीतर तिच्या हातात शून्य.

हा रकाना मुकादमाला दाखवायला नाही, घरात दाखवायला आहे. मी पंधरा दिवसांचे तास लिहून वडिलांना वाचून दाखवले, ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर पाणी ते आणायला लागले. कारखान्याशी भांडायला ताकद लागते, संघटना लागते, पण कोपीतली वाटणी आपल्या हातात आहे.

आणि तब्येत. पाळीच्या दिवसांत फडात संडास नाही, पाणी नाही, सुट्टी घेतली तर खाडा. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांचं गर्भाशय काढण्याचा विषय निघाला, सरकारने समिती नेमली, आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहातली एक. त्यातल्या कितीतरी जणी तिशीपस्तिशीतल्या. माझी मावशी त्यातली. पोटात दुखतं म्हणून गेली, डॉक्टर म्हणाला पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल, पैसे उचलीतून घेतले. तर आईला, मावशीला, वहिनीला सांगून ठेवा, पिशवी काढायला सांगितली की लगेच हो म्हणायचं नाही, आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी होते. निघायच्या आधी गावातल्या आशाताईंकडून रक्त तपासून घ्या, गोळ्या घ्या, आणि गरोदर बाई असेल तर माता बालकाचं कार्ड सोबत द्या, जिथं टोळी उतरेल तिथल्या आशाताईंना ते दाखवलं की पुढच्या लसी आणि तपासण्या चुकत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर औषधांचा आणि दवाखान्याचा खर्च लिहा.

निघायच्या आठवड्यातली बारीक कामं

ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढा, आईचं वेगळं, वडिलांचं वेगळं. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्याकडून टनामागं १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून असं ठरलंय, पण योजना येईल तेव्हा नाव यादीत पाहिजे. ई श्रम कार्ड १६ ते ५९ वयात कधीही फुकट निघतं. रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर सातारा, कोल्हापूर, अगदी बेळगावकडं गेलात तरी तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, दुकानदार नाही म्हणाला तर तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. उचलीतले निदान धान्याचे पैसे तरी वाचतील.

लहान भावंडांना शक्यतो नेऊ नका. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह आहे का विचारा, दिवाळीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीकडून यादी जाते, तुम्ही स्वतः जाऊन नाव घाला. न्यावंच लागलं तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, ते दाखवल्यावर कारखान्याजवळच्या शाळेला मूल बसवून घ्यावं लागतं. मी स्वतः चौथी आणि पाचवी अशी फडाच्या बांधावर काढली, भावाला सांभाळत. त्या दोन वर्षांतले पाढे मला अजून नीट येत नाहीत.

शेवटचा हिशोब आणि भांडण झालं तर

हिशोबाला वडील एकटे जाऊ नयेत. सोबत तुम्ही जा किंवा टोळीतली दुसरी दोन माणसं घ्या, आणि आईला न्या. हिशोब मुकादमाच्या घरी रात्री नको, दिवसा, चार माणसांत. तुमची वही उघडून एकेक पंधरवडा लावा. बाकी निघाली तर किती, आणि त्यावर व्याज लावलंय का ते विचारा, पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळायच्या आधी वेगळ्या कागदावर लिहून घ्या. जुन्या बाकीवर नवी उचल चढली की तीन वर्षांनी कुणालाच मूळ आकडा सापडत नाही, आणि मग ती बाकी पोराच्या डोक्यावर येते, लग्न झालं की लगेच कोयता. आमच्या भावकीत असे दोघं आहेत.

मुकादमाला शिव्या घालून भागत नाही हे पण सांगते. करार कारखाना आणि वाहतूक ठेकेदार यांच्यात असतो, ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम आपल्याला. त्याचं पण घर गहाण असतं, आणि उचल घेऊन पळालेल्या टोळ्यांनी बुडालेले मुकादम मी पाहिलेत. कितीतरी मुकादम कालपर्यंत आपल्यासारखेच कोयतेवाले होते. पण साखर ज्याची, तो कारखाना म्हणतो ही आमची माणसं नाहीत, ठेकेदाराची आहेत. म्हणून वहीत कारखान्याचं नाव आणि शेतकी गट ऑफिसचं गाव रोज लिहा. उद्या काही झालं, अपघात झाला, गाडीखाली कुणी आलं, तर आपण कुणासाठी ऊस तोडत होतो हे सिद्ध करायला तेवढंच हातात असतं.

धमकी दिली, माणूस अडवून ठेवला, बाकीसाठी पोरगी किंवा बैल ठेवून घेतो म्हणाले, तर हा हिशोबाचा विषय राहिला नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे, त्यात असं अडवून फेडून घ्यायचं कर्जच रद्द होतं आणि अडवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे लेखी द्या, पोलीस स्टेशनला वेगळी द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. लगेच मदत लागली तर ११२, लहान मूल अडकलं असेल तर १०९८, बाईला त्रास असेल तर १८१. वकील फुकट मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अट पण नाही, १५१०० ला फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं तिथं जा. म्हणून अर्ज आईच्या नावानं करा. वहीच्या झेरॉक्स, काट्याचे फोटो, उचलीच्या कागदाचा फोटो जोडा. मूळ वही कुणालाच देऊ नका, साहेबाला पण नाही, झेरॉक्सच द्या.

जुन्या वह्या रद्दीत घालू नका. आमच्या घरी सहा आहेत, पत्र्याच्या पेटीत, वरती हंगामाचं साल लिहिलेलं. गेल्या वर्षी जुन्या बाकीचा विषय निघाला तेव्हा आईनं उठून स्वतः बरोबर साल काढून दिलं, तिला वाचता येत नाही पण प्रत्येक वहीवर तिनं वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय.